चौथी खूण

जूनच्या पहिल्या सोमवारी ब्रिन कॉस्टिगन कॉलेजच्या लायब्ररीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन बसली, तेव्हा आपली निवड चुकून झाली आहे आणि दुपारच्या जेवणापर्यंत हे कुणाच्या तरी लक्षात येईल, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. वडील काउंटीच्या रस्ते खात्यात होते. हिवाळ्यात बर्फ हटवायची गाडी चालवायचे, उन्हाळ्यात डांबर टाकायचे. ती निघाली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "उन्हाळाभर तू तिथे नेमकं करणार काय?"

"इतिहासाचं काम, डॅड. कॉम्प्युटरवर."

"म्हणजे इतिहास की कॉम्प्युटर?"

"दोन्ही."

"बरं," ते म्हणाले होते. "वेळेवर जेवत जा."

ती याहून जास्त सांगू शकली नव्हती, कारण तिला स्वतःलाच याहून जास्त माहीत नव्हतं. आठ आठवडे होते. जुनी कागदपत्रं, नकाशे, याद्या यांच्याकडे कॉम्प्युटरच्या मदतीनं कसं बघायचं ते शिकायचं, एक विषय धसाला लावायचा, आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून काय हाती लागलं ते सांगायचं. त्या उन्हाळ्यात असे दोघंच विद्यार्थी होते. दुसरा डेझ पेलेटिए. तो कॉलेजच्या नाटकांची शंभर वर्षांची पत्रकं घेऊन बसला होता, कुणी कुठली भूमिका केली ते मोजत. उंच, किडकिडीत, आणि तोंडाला कुलूप नसलेला.

शिकवायला थिया बर्गस्ट्रॉम होत्या. लायब्ररीतल्याच. पन्नाशीच्या पुढच्या, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल सगळीकडे शोधत फिरणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. ब्रिनला आतल्या थंड खोलीत नेलं, एक लांबरुंद खण ओढला आणि म्हणाल्या, "हात धुतलेस ना? मग उचल. दोन्ही हातांनी."

तो टॅनर्स ईडी गावाचा नकाशा होता. १९३१ साली एका मोजणीदारानं काढलेला. नदी, रस्ता, पूल, चर्च, शाळा, आणि एकेक घर म्हणून एकेक चिमुकला चौकोन, शेजारी शाईनं लिहिलेलं कुटुंबाचं नाव. कॉलेजपासून सहा मैलांवर असलेलं हे गाव १९५४ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. खाली शहराला पाणी हवं होतं, म्हणून वरच्या खोऱ्यातल्या माणसांना उठवलं. ब्रिन त्या तलावाच्या काठानं कितीदा तरी गेली होती. पाण्याखाली कुणाची तरी स्वयंपाकघरं आहेत हे तिला ऐकून ठाऊक होतं, पण 'ब्रिंक', 'हास्ब्रूक', 'शूनमेकर' अशी नावं चौकोनांशेजारी ती पहिल्यांदाच वाचत होती.

"हे तुझं गाव," थिया म्हणाल्या. "आठ आठवड्यांपुरतं. आजच्या नकाशावर ते बरोबर जागेवर बसव, आणि कुठल्या घरात कोण राहत होतं ते शोध."

पहिले दोन आठवडे जनगणनेच्या याद्यांनी खाल्ले. जनगणनेच्या कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून घेतलं होतं. एकाच घराचं नाव एका यादीत शूनमेकर, दुसरीत स्कूनमाकर आणि तिसरीत सरळ शूमेकर. कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन वेगळी कुटुंबं. ब्रिननं तिन्ही एका फटक्यात एक करून टाकली, तेव्हा थियांनी तिला थांबवलं.

"एक आहेत हे तुला कसं कळलं?"

"दिसतंच आहे ना."

"दिसतंय ते तुला. उद्या तुझं काम वाचणाऱ्याला कसं दिसणार? का एक केलीस ते शेजारच्या रकान्यात लिही. आणि मूळ शब्द पुसायचा नाही. कधीच नाही."

"ऐकलंस?" डेझ पलीकडून म्हणाला. "मी परवा हॅम्लेटचा रकाना पुसला. अजून शिक्षा भोगतोय."

"तुझा हॅम्लेट गेला तरी चालेल," ब्रिन म्हणाली. "तीन वर्षांत सहा जणांनी केलाय तो, आणि सहाही वाईट."

"हे पत्रकात लिहिलेलं नाही."

"शेजारच्या रकान्यात लिही."

थिया हसल्या आणि पेन्सिल शोधायला लागल्या. त्या दिवशी खोलीतून वर उन्हात येताना ब्रिनला जाणवलं की आपल्याला कुणी घरी पाठवणार नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला. शिकण्यातली गंमत तिला तेव्हापासून कळायला लागली. प्रश्न विचारला म्हणून इथे कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. थिया तर एकच गोष्ट चौथ्यांदा सांगतानाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगायच्या.

मग नकाशा बसवायचं काम आलं. पद्धत तशी सोपी. जुन्या नकाशावर आणि आजच्या नकाशावर, दोन्हीकडे ओळखता येईल अशी जागा शोधायची, दोन्हीकडे खूण करायची. अशा काही खुणा झाल्या की कॉम्प्युटर जुना कागद ताणून, फिरवून आजच्या जमिनीवर बेतून देतो, आणि किती फुटांची चूक राहिली तेही सांगतो. थियांनी निदान सहा खुणा घ्यायला सांगितल्या होत्या. ब्रिनला सापडल्या तीन. गावच बुडालेलं, बाकीच्या आणायच्या कुठून? उंचावर राहिलेल्या जुन्या दफनभूमीचा कोपरा, दक्षिणेला रेल्वेसाठी फोडलेला खडक, आणि उत्तरेला जिथे डोंगराकडचा रस्ता फुटतो तो फाटा. तिनं तिन्ही खुणा केल्या, कळ दाबली, आणि गाव निळ्या पाण्यावर अलगद जाऊन बसलं. खाली आकडा आला. चूक, शून्य फूट.

ब्रिनच्या आयुष्यात तिला कधी कुठल्या गोष्टीत पूर्ण गुण मिळाले नव्हते. तिनं त्या आकड्याचा फोटो काढून डॅडना पाठवला. थिया त्या आठवड्यात एका परिषदेला गेल्या होत्या. त्या आल्यावर दाखवू, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली.

जुलैच्या सुरुवातीला स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, की कॉलेजात टॅनर्स ईडीचा नकाशा तयार होतो आहे, कुणाकडे फोटो, पत्रं असतील तर कळवावं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ लायब्ररीच्या दारात उभे. डोक्यावरची टोपी हातात, इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, रेघारेघांत तेलाचे डाग राहिलेली बोटं.

"एल्डन शूनमेकर," ते म्हणाले. "तुमच्या यादीत आमचं नाव असेल."

"तीन प्रकारे आहे," ब्रिन म्हणाली आणि त्यांना खुर्ची दिली.

गाव उठलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर त्यांनी शेजारच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त केले आणि दर उन्हाळ्यात त्याच तलावावर मासे धरले. त्यांच्याकडे फोटो नव्हते. त्यांना विचारायचं होतं.

"सत्तर वर्षं मी त्या पाण्यावर होडी घालतोय, पोरी. आमचं घर कुठे होतं ते मला अंदाजानं ठाऊक आहे. नेमकं नाही. माझी थोरली बहीण, लूएला, मला फार विचारायची. एल्डन, आपण आत्ता कशावर आहोत रे? मी काहीतरी सांगायचो. ती गेली तीन वर्षांपूर्वी. तुझ्या मशीनला सांगता येईल का?"

"येईल," ब्रिन म्हणाली. तिला फार आनंद झाला होता. तिच्या कामाची आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी गरज होती.

दोन दिवसांनी सकाळी ती त्यांच्याबरोबर तलावावर गेली. काठावर झाडांना साखळीनं बांधलेल्या, पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या होड्यांमधून त्यांनी आपली सोडवली. त्या पाण्यावर इंजिनाला बंदी, तेव्हा वल्ही त्यांनीच मारली. ब्रिन समोर फोन धरून बसली होती. पडद्यावर जुना नकाशा आणि त्यावर सरकणारा निळा ठिपका.

"थोडं डावीकडे. अजून. आता सरळ. मिस्टर शूनमेकर, थांबा. इथेच. आपण तुमच्या घरावर आहोत."

एल्डननी वल्ही आत घेतली. होडी हळूच फिरली. त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून ते पूर्वेकडच्या डोंगराची कड बघत राहिले.

"इथे नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आईच्या ओट्यासमोर खिडकी होती. खिडकीतून त्या कडेतली खाच दिसायची. दरवाजा उघडा राहिल्यासारखी. सकाळी ऊन त्यातनंच आत यायचं. इथून खाच कुठे दिसतेय? समोर डोंगराचा खांदा आलाय."

ब्रिननं फोनकडे पाहिलं. ठिपका चौकोनाच्या बरोब्बर मध्यावर होता. "पण नकाशा अगदी बरोबर बसलाय," ती म्हणाली. "चूक शून्य आहे. आणि तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतात. इतक्या वर्षांत कधीकधी आपली आठवण थोडी..." पुढचं तिनं गिळलं, पण निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं.

एल्डन रागावले नाहीत. "हो, असेल," एवढंच म्हणाले आणि वल्ही पाण्यात टाकली. परत येताना ते माशांबद्दल बोलले. काठावर थर्मासमधली कॉफी दिली. निघताना म्हणाले, "वेळ काढलास, बरं वाटलं." आणि टोपी घालून ट्रकमध्ये चढले.

ब्रिनला दिवसभर काही सुचेना. सँडविच तसंच राहिलं. त्यांचं ते 'हो, असेल' तिच्या कानातून जाईना. तिच्या आजोळी असंच बोलायचे, डॉक्टरांसमोर, वकिलांसमोर, शिकलेल्या कुणाहीसमोर. आज समोरची शिकलेली ती होती.

सादरीकरणाला अडीच आठवडे राहिले होते. गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. आकडा तिच्या बाजूनं होता. दुसऱ्या दिवशी सकाळी थिया आल्या आल्या ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तीनच खुणा घेतल्याचं, एल्डनना जे बोलली तेही.

थियांनी पडद्याकडे पाहिलं. "स्टुलाला तीन पाय असले की ते कसं उभं राहतं?"

"नीट."

"वाकड्या जमिनीवर?"

"तिथेही नीट. डुगडुगत नाही."

"चौथा पाय लावला की मग कळतं, जमीन वाकडी आहे की पाय. तीन खुणांवर कॉम्प्युटर कुठलाही नकाशा बसवून देतो, ब्रिन. तू लायब्ररी, पोस्ट आणि माझं घर अशा खुणा दिल्या असत्यास तरी शून्यच आलं असतं. त्याच्याकडे ताडून बघायला काहीच नव्हतं. ते शून्य म्हणजे बरोबर नव्हे. ते म्हणजे विचारलंच नाही."

ब्रिननं पडद्यावरचं शून्य पाहिलं. "मला वाटलं मला जमलं."

"बस," थिया म्हणाल्या. दार लोटून त्या समोर बसल्या. "मी तुझ्या आत्ताच्या वयाहून दहा वर्षांनी मोठी होते तेव्हाची गोष्ट. एका परिचारिकेची पत्रं होती, नऊशे. मी सगळी कॉम्प्युटरवर चढवली, वर्षावार मोजली, आणि भरल्या सभागृहात सांगितलं की मुलगा गेल्यावर या बाईनं दोन वर्षं लेखणी हातात धरली नाही. लोकांचे डोळे पाणावले. माझेही. महिन्याभरानं तिच्या नातीचं पत्र आलं. आजी त्या दोन वर्षांत रोज लिहीत होती. दोन खोकी आमच्याकडून स्कॅन करायचीच राहिली होती."

"मग?"

"मग मी नातीला भेटायला गेले. तिनं मला चहा पाजला, मी तिची माफी मागितली, आणि दोन्ही खोकी वाचली. माझं सगळ्यात चांगलं काम त्यातून झालं." त्यांनी केसातली पेन्सिल काढली, या वेळी पहिल्याच झटक्यात. "तुला तर नातीपर्यंतही जायला नको. ज्याचं घर आहे तोच माणूस आहे, आणि तो स्वतःहून आला होता. जा."

ब्रिन त्याच दुपारी गेली. डेझनं आपली जुनी मोटार दिली आणि सोबत सूचना. "उजवीकडे वळताना रेडिओ आपोआप लागतो. घाबरू नकोस, ते हॅम्लेटमधलं भूत नाही."

एल्डन अंगणात गवत कापायच्या यंत्राचं पातं काढून बसले होते. ब्रिन त्यांच्यासमोर उभी राहिली. मोटारीत घोकलेलं सगळं विसरली. "मिस्टर शूनमेकर, मी तुमच्या आठवणीला चूक म्हटलं. चूक माझ्या कामात आहे. मला ती अजून सापडलेली नाही. मला माफ करा, आणि जमलं तर मदत करा."

त्यांनी हात पुसले. "तू इथवर हे सांगायला आलीस?"

"हो."

"फोन केला असतास."

"फोनवर नाही बोलायचं असं काही."

त्यांनी पातं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "काय हवंय तुझ्या मशीनला?"

"नकाशावर आहे आणि आजही जागेवर आहे, अशी एक गोष्ट. पाण्याच्या वर."

एल्डन विचार करत बसले. पातं मांडीवरच होतं. "आमच्या कुरणाची दगडी भिंत," ते म्हणाले. "ती डोंगरात वर चढत जायची. तिच्या वरच्या कोपऱ्यात हद्दीची लोखंडी सळई ठोकलेली होती. पाणी तिथवर आलं नाही. झाडी माजली असेल. तुझे बूट बरे दिसतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेच्याच्या झुडपांतून तासभर चढले. एल्डन पुढे, काठी टेकत. भिंत होती. शेवाळलेली, मधेमधे ढासळलेली, पण सरळ. कोपऱ्यात पानांचा थर त्यांनी बुटानं बाजूला केला, आणि गंजलेली सळई वर आली, अंगठ्याएवढी जाड. ब्रिन गुडघ्यांवर बसली, फोन सळईवर टेकवला आणि जागेचा आकडा घेतला. मग पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा, थियांनी शिकवल्याप्रमाणे. नकाशावर तोच कोपरा होता. मोजणीदारानं शेजारी बारीक अक्षरात 'सळई' असं लिहिलेलंही होतं.

खाली खोलीत येऊन तिनं चौथी खूण दिली आणि कळ दाबली. शून्य गेलं. मोठी, कुरूप चूक आली. डेझनं खांद्यावरून डोकावून शीळ घातली. "अभिनंदन. बिघडवलंस."

"हो," ब्रिन म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

पण चार खुणांपैकी खोटं कोण बोलतंय ते कळेना. दफनभूमी तिथेच होती, कापलेला खडक हलणार कुठे? संध्याकाळी डॅडचा फोन आला तेव्हा ती वैतागून सगळं सांगून बसली.

"फाटा?" डॅड म्हणाले. "ब्रिन, फाटा कसला धरतेस? फाटे हलतात."

"हलतात म्हणजे?"

"अगं, धरण भरलं की जुना रस्ता पाण्यात जातो. मग नवा वरून बांधतात. दोन रस्ते नव्या ठिकाणी मिळतात. नाव तेच राहतं, पाटी तीच राहते, फाटा मात्र वर सरकतो. तीस वर्षं मी हेच करतोय. हे तुमच्याकडे कुणाला माहीत नाही?"

"नाही," ब्रिन म्हणाली. "आमच्याकडे कुणालाच माहीत नाही, डॅड." आणि मग, जे तिनं आजवर त्यांना कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं."

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

थियांनी १९४३ साली विमानातून घेतलेला खोऱ्याचा फोटो खणातून शोधून काढला. जुना फाटा आजच्या फाट्यापासून उताराला चांगला तीनशे फूट खाली, पुलाजवळ होता. ब्रिननं फाट्याची खूण काढून टाकली. त्या फोटोतून डोंगरातल्या, पाण्याच्या वर राहिलेल्या आणखी दोन भिंती मिळाल्या. पाच खुणा झाल्या. सहावी एल्डननी दिली, चुनखडीच्या जुन्या भट्टीची, जी पाण्याच्या काठाला अजून अर्धी उभी होती. या वेळी चूक अकरा फूट आली. अकरा फुटांवर इतका विश्वास ठेवता येतो हे ब्रिनला नव्यानंच कळलं. गाव अडीचशे फूट सरकलं होतं.

पुन्हा होडी सोडली. या वेळी वल्ही ब्रिनच्या हातात होती आणि फोन एल्डनच्या. त्यांनी तो खिशात घातला. "तू वल्ह्यांचे फटके मनात मोज," म्हणाले, "मी डोंगर बघतो." खांदा हळूहळू बाजूला झाला, कड उघडी पडली, आणि ती खाच दिसायला लागली. एल्डननी हात वर केला. ब्रिननं वल्ही थांबवली. तेव्हा कुठे त्यांनी फोन काढून पाहिला. ठिपका चौकोनाच्या कडेला टेकला होता.

"स्वयंपाकघर या बाजूलाच होतं," ते म्हणाले.

पाणी स्वच्छ होतं, तरी खाली हिरव्या अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. एल्डन बोलू लागले, सावकाश. आई फळांच्या पायसाठी पीठ लाटायची तेव्हा लूएलाला कडेची कातरणं मिळायची आणि यांना वाडगं चाटायला. शेवटच्या दिवशी आईनं चूल पुसून काढली होती. घर पाडायला माणसं दारात आली होती, तरी चूल पुसली. बापानं विचारलं कशासाठी, तर म्हणाली, ते आत आले की घाण दिसायला नको. ब्रिननं वही उघडली नाही. नंतर काठावर आल्यावर तिनं त्यांना विचारलं, हे लिहू का? ते म्हणाले, "लिही. चुलीचं लिहीच."

सादरीकरण जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी झालं. ब्रिननं पहिल्यांदा चुकीचाच नकाशा दाखवला, शून्याच्या आकड्यासकट. मग दुसरा. भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "चूक सुधारलीस, उत्तम. पण ती आम्हाला दाखवायची गरज काय होती?"

"पहिला नकाशा जास्त सुबक दिसतो," ब्रिन म्हणाली. "मी त्यावरच भाळले होते. माझ्यानंतर इथे कुणी येईल, त्याला हे ठाऊक असलेलं बरं." मग तिनं आभार मानायला घेतले. थियांचे, डेझचे, त्याच्या मोटारीचे. "माझे वडील काउंटीत रस्ते बांधतात," ती म्हणाली, "फाटे हलतात हे त्यांनी सांगितलं." शेवटच्या रांगेत इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट होता. त्यांच्यासाठी तिनं काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, पण तो कागद तिनं खिशातच ठेवला. "मिस्टर शूनमेकर बरोबर होते," एवढंच म्हणून ती खाली बसली, आणि लोकांना वाटलं तेवढंच म्हणायचं होतं.

टॅनर्स ईडीचे लोक दरवर्षी ऑगस्टमध्ये एका रविवारी जमतात. त्यांत मूळ गावातले आता चौदाच जण, बाकी मुलं-नातवंडं. एल्डननी ब्रिनला आणि थियांना बोलावलं होतं. लायब्ररीनं नकाशा मोठ्या कागदावर छापून दिला होता. बटाट्याचं सॅलड, उकडलेली अंडी आणि चार प्रकारचे फळांचे पाय बाजूला सारून तो टेबलावर पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. शेजारी थियांनी पेन्सिलींचं खोकं ठेवलं.

सुरुवातीला कुणी पेन्सिल उचलेना. छापलेल्यावर लिहायचं कसं? मग विल्मा ब्रिंक नावाच्या ठेंगण्या बाईंनी चष्मा लावला. "आमचं कोठार रस्त्याच्या या अंगाला नव्हतं. पलीकडे होतं."

"तू चार वर्षांची होतीस, विल्मा," एल्डन म्हणाले.

"आणि तू नऊ वर्षांचा गाढव होतास. कोठाराच्या छपरावरून तूच पडलास ना? कुठे पडलास?"

एल्डन विचारात पडले. "नदीच्या बाजूला."

"मग? रस्त्याच्या अलीकडे नदी कुठून आली?"

सगळे हसले आणि टेबलाभोवती सरकले. एक जण म्हणाला चर्चचं मागचं दार राहिलं, एकीनं झोपाळ्याचं झाड काढलं, दोघा भावांचं विहिरीवरून जुंपलं. ब्रिन सगळ्यांमधून फिरत होती. कोण काय म्हणालं, कुठल्या साली ते किती वर्षांचं होतं, हे शेजारच्या रकान्यात उतरवत होती. काहीच पुसत नव्हती. दोन भावांच्या दोन विहिरी दोन्ही मांडल्या.

पांगापांग व्हायला लागली तेव्हा ती एल्डनपाशी आली. लिहून आणलेला कागद अजून खिशात होता. तो तिनं काढला नाही. "त्या दिवशी होडीत तुम्ही 'हो, असेल' म्हणालात," ती म्हणाली. "तिथेच सोडून दिलं असतंत तर मला कधीच कळलं नसतं. पण मी पुन्हा आले तेव्हा तुम्ही ऐकून घेतलंत. त्याबद्दल थँक्यू."

एल्डन टोपी फिरवत राहिले. "मी घरी जाऊन बायकोच्या फोटोला सांगितलं होतं, ती पोरगी काही परत येत नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदाच तिच्यासमोर खोटा पडलो आणि बरं वाटलं." मग त्यांनी ब्ल्यूबेरी पायचा उरलेला तुकडा कागदी बशीत घालून तिच्या हातात दिला. "हा तुझ्या डॅडना दे. रस्तेवाल्यांना गोड आवडतं."

टेबलाशी विल्मा अजून नकाशावर वाकून बसल्या होत्या. त्यांनी ब्रिनला हाक मारली. कोठारामागे सफरचंदाची तीन झाडं होती, म्हणाल्या, तिसरं जरा वाकडं. ब्रिननं बशी बाकावर ठेवली, त्यांच्या शेजारी बसली, आणि विचारलं, "कुठल्या बाजूला वाकडं?"